बिल्ला खिशात

सांगलवाडीतलं पाणी उतरून तिसरा दिवस.
आम्ही दोघं फावडी घेऊन गेलो:
मी, मिरजेचा सायमन आवळे,
आणि जोडीदार प्रभुदास, राजमहेंद्रीचा,
ज्याला मराठीत फक्त ‘नमस्कार’ आणि ‘पुरे’ येत होतं.
आमच्यात एकट्यानं कुठं जायचं नसतं.
देव सोबत असतो, ते वेगळं.

निघताना शाखेच्या अध्यक्षांनी बजावलं
(शाखा म्हटलं की इथं लोक दुसरीच शाखा समजतात,
आम्ही समजावणं सोडून दिलंय):
पुस्तकं न्यायची नाहीत. बिल्ला काढून ठेवा.
ज्याच्या घरात गाळ आहे त्याला धर्म विचारू नये,
आपलाही सांगू नये.
काळा बिल्ला काढून मी वरच्या खिशात टाकला.
शर्टावर पिनेची दोन भोकं राहिली.

हौसाबाई पाटोळेंची गिरण.
जात्याच्या तोंडात गाळ, पट्ट्यात अडकून मेलेला बेडूक,
गव्हाच्या पोत्यांना बाहेरून मोड,
आणि वास असा की प्रभुदास दोनदा रस्त्यावर जाऊन आला.
शेजारच्या वखारीतली हळद पाण्यात फुटली होती;
दुपारपर्यंत आम्ही दोघं
कुणाच्या तरी लग्नात चुकून हळद लागलेल्या
नवरदेवांसारखे.

बाई बोलत नव्हत्या.
विळ्यानं मोटार खरवडत होत्या.

मग त्यांनी स्टोव्ह पेटवला.
पुरानंतरचा त्या घरातला पहिला जाळ.
दूध कुणाकडून तरी उसनं, साखर ओली,
पत्ती मदतीच्या पाकिटातली.
तीन कप. कान तुटलेला स्वतःकडे ठेवला.

आणि आम्ही चहा पीत नाही.

हे वाक्य मी आजवर किती उंबऱ्यांवर
हसत म्हटलंय; त्यावरून बोलणं निघतं,
बोलण्यातून पुस्तक निघतं.
त्या दिवशी ते घशातच बसलं.
बिल्ला नाही, पुस्तक नाही, सकाळपासून अवाक्षर नाही,
आणि कपाकडे न गेलेला हात
एकटाच प्रवचन करून मोकळा झाला.

“का रं? आमच्या हातचं चालत न्हाई?”

माझ्या पणज्यानं बाप्तिस्मा घेतला
तो ह्याच प्रश्नापायी.
फक्त तेव्हा कप पुढं करणारा हात आमचा होता,
आणि न घेणारा त्यांचा.

“तसं नाही मावशी. आमच्या देवाचा नियम आहे.”
“कंच्या देवाचा?”

सांगावं तर शब्द मोडतो.
न सांगावं तर ती समजतेय तेच खरं ठरतं.
मी बिल्ला काढला. त्यांनी पदराला हात पुसून
अक्षर अक्षर लावत वाचला. परत दिला.
“मग सकाळधरनं लपवून का ठिवलावतास?”
“मदतीच्या बदल्यात काही नको, म्हणून.”
“आन् मनात? मनातबी नव्हतं व्हय?”

होतं.
पहिल्या फावड्यापासून होतं.
ही विचारेल, मग मी सांगेन, मग रविवारी ही येईल,
मागच्या ओळीत, डोक्यावर पदर घेऊन.
मी तिची खुर्चीसुद्धा ठरवली होती.

“चिखल काढाया आलासा का मला?”
त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.
चहा परत भांड्यात ओतला, कप विसळले,
गरम पाण्यात साखर घालून दिली.
प्रभुदास म्हणाला, नमस्कार.
दुसऱ्यांदा ओतू लागल्या तेव्हा म्हणाला, पुरे.
बाई पहिल्यांदा हसल्या.
अंधार पडेपर्यंत आम्ही गाळ काढला.

रविवारी अहवाल. सेवेचे तास: नऊ.
शिकवलेली माणसं:
शून्य लिहिलं, खोडलं. एक लिहिलं, खोडलं.
कागद तिथं फाटला.
प्रभुदासनं त्याच्या कागदावर तेलुगूत काहीतरी लिहिलं,
मी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी त्या गल्लीतून सायकलनं जाताना
गिरण चालू होती. आवाज रस्त्यापर्यंत.
मी थांबलो, एक पाय जमिनीवर.
बिल्ला छातीवर होता, हळदीच्या न गेलेल्या डागावर.
आत जावं तर कशासाठी, हे ठरेना.
दळायलाही काही नव्हतं माझ्याकडे.